हात : हौशीचा आणि पोटाचा

साहित्याला आणि सामाजिक विचाराला वाहिलेल्या त्रैमासिकात ध्वनियंत्रे जुळवण्याच्या कार्यशाळेची समीक्षा कशासाठी, असा प्रश्न काही मित्र विचारतील. त्यांनी तो जरूर विचारावा. शब्द कोणाचे, कोणासाठी, त्यांतला आनंद कोणाच्या वाट्याला, हे प्रश्न आपण प्रस्थापित मराठी साहित्याला विचारले आणि त्याला उत्तर देणे भाग पाडले. हाताच्या कामाला मात्र आपण हे प्रश्न क्वचितच विचारतो. हात म्हटला की आपल्या लेखनात तो राबणारा, सोललेला, पसरलेला किंवा उगारलेला असतो. जाणणारा हात, शिकणारा आणि शिकवणारा हात आपल्या समीक्षेच्या दृष्टीस फारसा पडत नाही. ही उणीव एका कार्यशाळेत माझ्या लक्षात आली, म्हणून हा लेख.

गेल्या पावसाळ्यात पुण्यातील एका संस्थेने दोन दिवसांची कार्यशाळा भरवली होती. विषय, आपले ध्वनियंत्र आपणच बनवावे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहाखातर मी गेलो. वीस-बावीस माणसे होती. संगणकाच्या क्षेत्रातले नोकरदार, दोन वास्तुरचनाकार, सतार शिकणाऱ्या एक बाई, चित्रकला महाविद्यालयातली चार मुले, आणि तरुणपणापासून जुने जर्मन रेडिओ जमवणारे एक निवृत्त बँक अधिकारी. शुल्क रोजंदारावरच्या माणसाच्या चार-पाच दिवसांच्या मजुरीइतके होते. एका मुलीला ते माफ केले होते. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

पहिल्या दिवशी सर्वांनी सतरंजीवर बसून एक लहान अ‍ॅम्प्लिफायर बनवला. नऊ व्होल्टची बॅटरी, एल्‌एम ३८६ ही आठ पायांची आयसी, दोन-चार कपॅसिटर, आवाजाचा एक खटका, चार इंची स्पीकर आणि हे सगळे मावेल असा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. या आयसीची गंमत अशी की तिच्या पहिल्या आणि आठव्या पायामध्ये दहा मायक्रोफॅरॅडचा एक कपॅसिटर टाकला की एरवी वीसपट होणारा आवाज दोनशेपट होतो. मग पितळेच्या पातळ चकतीला दोन तारा जोडून स्पर्शाचा माईक करायचा. ही चकती हवेतला आवाज जवळजवळ ऐकतच नाही. ज्या वस्तूला चिकटवाल त्या वस्तूच्या अंगातली थरथर ऐकते. टेबलावर चिकटवली तर टेबलावरून चालणारी मुंगी ऐकू येईल की काय असे वाटते. बँकेतल्या साहेबांनी ती आपल्या चष्म्याच्या काडीला लावली आणि काडी उघडताना दार करकरल्यासारखा आवाज झाला तेव्हा ते लहान पोरासारखे हसले.

या दोन दिवसांत जे चांगले घडले ते आधी सांगितले पाहिजे, नाहीतर टीका कडवट होते. येथे कोणी गुरू नव्हता. ज्याला जे येत होते ते तो शेजारच्याला सांगत होता. सोल्डर धरत नसेल तर दोष कथिलाचा नसतो, तार तापलेली नसते. आधी तार तापवा, मग कथील आपसूक वाहते, हे मला शेजारी बसलेल्या विशीतल्या मुलाने सांगितले, आणि माझे चार दशकांपूर्वीचे शिक्षण किती अपुरे होते ते कळले. आकृत्या फळ्यावर काढलेल्या होत्या, त्या कोणीही उतरवून घ्याव्यात. बोट भाजले तर हसून फुंकर घालणारे होते. चुकण्याची लाज नव्हती. ज्या समाजात ज्ञान ऐकणाऱ्याच्या कानात शिसे ओतण्याची भाषा धर्मशास्त्राने केली, त्या समाजात आकृती फळ्यावर उघडी टांगणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

आणि तरीही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीने हात वर केला. येरवड्याच्या एका वस्तीतून ती आली होती, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने विचारले, "सर, हे शिकून दुकान टाकता येईल का?" कार्यशाळा घेणारा तरुण वाईट माणूस नव्हता. तो मनापासून म्हणाला, "अगं, हे कमाईसाठी नाहीच आहे. हे निव्वळ आनंदासाठी आहे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मुलीनेही मान डोलावली आणि पुन्हा आपल्या डब्याकडे वळली.

या एका वाक्यापाशी मला थांबावेसे वाटते, कारण हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. साहित्यात ते आपण पुष्कळ वर्षे ऐकले. साहित्य कशासाठी, तर निखळ आनंदासाठी. त्यावर आपण विचारले, कोणाचा आनंद? शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची मांडणी करताना आनंदाचा निकष बाजूला सारून स्वातंत्र्य, समता, न्याय या मूल्यांकडे बोट दाखवले, आणि ते योग्यच होते. ज्याच्या वेदनेतून शब्द आला त्याच्या वेदनेचा आस्वाद घेणे हा व्यभिचार आहे. परंतु या नकाराची आपणही किंमत मोजली. आनंद हा शब्दच आपण त्यांच्या स्वाधीन करून टाकला. जणू आनंद त्यांचा आणि पोट आपले, अशी वाटणी आपणही मान्य केली. त्या सभागृहात नेमकी हीच वाटणी चालू होती. मुलगी पोटाचा प्रश्न विचारते, संयोजक आनंदाचे उत्तर देतो, आणि दोघांनाही वाटते की ही दोन वेगळी खाती आहेत.

हौशी हा शब्दच पाहा. हौसेला मोल नसते असे आपली भाषा म्हणते. पण मोल नसते ते कोणाच्या हौसेला? मराठी नाट्यव्यवहारात हौशी रंगभूमी हा सन्मानाचा शब्द आहे. जो नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमी करतो तो कलाप्रेमी. आणि जी बाई पोटासाठी ढोलकीवर उभी राहिली ती मात्र तमासगिरीण. कला एकच, पण एकीने पोट भरले म्हणून ती हलकी. रेडिओ उघडून बसणारा बँक अधिकारी हौशी, आणि तोच रेडिओ उघडून बसणारा टपरीतला माणूस मिस्त्री. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिसंस्थेचे वर्णन करताना दाखवून दिले होते की ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. बुद्धी आणि श्रम यांची फारकत होते आणि श्रमाविषयी तिटकारा निर्माण होतो, हेही त्यांनी सांगितले. हौशीने हातात सोल्डर घेतला म्हणजे ही फारकत संपली, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. मला वाटत नाही. श्रमाचा तिटकारा अशा वेळी श्रमावरून उठतो आणि मजुरीवर जाऊन बसतो.

मीही मिस्त्रीच्या दुकानात शिकलो आहे, म्हणून हे बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. १९७९ साली कॉलेजात शिकत असताना मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दोन वर्षे काढली. उस्ताद हुशार माणूस. नुसत्या खरखरीवरून कोणता कपॅसिटर गेला ते सांगे. पण नवा ट्रान्झिस्टर बसवला की त्याच्यावरचा क्रमांक तो पॉलिशपेपरने घासून टाकी, म्हणजे उद्या दुसऱ्या दुकानदाराने उघडले तर त्याला कळू नये. रेडिओचे स्टेशन नीट लागण्यासाठी आतल्या चौकोनी डब्यांचे गाभे ४५५ किलोसायकलवर आणून ठेवावे लागतात. ते कौशल्याचे काम. ती वेळ आली की उस्ताद मला चहा आणायला पाठवी. दोन वर्षांत मी असंख्य वेळा चहा आणला आणि ते गाभे फिरवताना त्याला एकदाही पाहिले नाही. मला जात म्हणून पाठवले की धंदा म्हणून, हे आजतागायत ठरवता आलेले नाही. दोन्ही असेल.

म्हणजे उघडेपणा हौशीकडे आहे आणि लपवाछपवी मिस्त्रीकडे, असे दिसते. पण त्याचे कारण हौशीचे मन मोठे हे नव्हे. त्याचे पोट दुसरीकडे भरलेले आहे, हे कारण आहे. अमेरिकेत नेल्सन पास यांच्यासारखा नावाजलेला अ‍ॅम्प्लिफायर-रचनाकार आपली सर्किटे हौशी मंडळींसाठी खुली करतो. नवशिक्याला एका दिवसात जुळवता येईल असा एक छोटा अ‍ॅम्प्लिफायरही त्याने करून दिला. हे मोठेपणाचेच काम आहे, त्याबद्दल शंका नाही. पण त्याच्या कंपनीचे तयार अ‍ॅम्प्लिफायर मोठ्या किमतीला विकले जातात आणि आकृती वाटल्याने त्याचे काही घटत नाही. माझ्या उस्तादाकडे विकण्यासारखे दुसरे काहीच नव्हते. तो क्रमांकच त्याचे भांडवल होते. ज्ञानाच्या देवाणघेवाणीचे गोडवे गाताना कोणाला काय गमवावे लागेल, हे पाहिल्याशिवाय गाऊ नये.

आता त्या पुस्तकाकडे येतो, ज्याच्या आधारे अशा कार्यशाळा आज जगभर चालतात. निकोलस कॉलिन्स यांनी शिकागोच्या कलाशाळेत शिकवले. ध्वनियंत्रे हाताने बनवण्याविषयी त्यांचे पुस्तक २००६ साली आले आणि त्याच्या पुढे आवृत्त्या निघाल्या. पुस्तकाचा सूर मला आवडला. भिऊ नका, हा पहिलाच धडा. अभियांत्रिकी न शिकलेल्या माणसाला ते हात धरून नेते. आणि पुस्तकातला एक सुरुवातीचा प्रयोग तर वाचताना मी थबकलो. बॅटरीवर चालणारा जुना रेडिओ उघडायचा, बोटे किंचित ओली करायची आणि चालू सर्किटवर ठेवायची. रेडिओ किंचाळू लागतो, शिट्ट्या मारतो, बोटे सरकवाल तसा सूर बदलतो. कारण माणसाची कातडी आता त्या सर्किटचा भाग झालेली असते, वीज तिच्यातून वाहू लागते.

स्पर्शातून संगीत! ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला त्यांच्या वंशजाने हे वाचताना काय वाटून घ्यावे? सर्किटला जात कळत नाही, कातडी ओली की कोरडी एवढेच कळते, असे एखादे टाळीचे वाक्य येथे लिहिता येईल. मी ते सभागृहात बोललोही, आणि टाळी मिळाली. नंतर त्या टाळीची मला लाज वाटली. त्याचे कारण दुपारी घडले.

दुपारी एका पाहुण्या कलावंताचे प्रात्यक्षिक होते. सभागृहातले मोठे स्पीकर लावले, त्याचा संगणक मिक्सरला जोडला, आणि सगळ्या सभागृहात घुं… असा एकसुरी गुणगुणाट भरला. ज्यांनी दोन दिवस ध्वनियंत्रे बनवली त्यांनी तारा हलवून पाहिल्या, वायर बदलली, कोणी फोनवर उत्तर शोधू लागले. पंधरा मिनिटे गेली. मागच्या भिंतीशी वायरींच्या पेटीवर एक मुलगा बसला होता. साउंड भाड्याने देणाऱ्याचा माणूस. कालपासून तेथेच बसलेला. तो उठला आणि पुढे आला. मिक्सरच्या पत्र्याला त्याने हात लावला, तोही उलटा. वीज असलीच तर मूठ आवळून चिकटू नये म्हणून हे लोक नेहमी उलट्या हाताने चाचपतात. त्याचा हात लागताच गुणगुणाट निम्मा झाला. हात काढला, पुन्हा वाढला. त्याने मान हलवली, भिंतीपासून आलेला एक्स्टेन्शन बोर्ड उलटा केला, पेचकसाने उघडला. अर्थिंगची हिरवी तार आत तुटून पडली होती. आपल्या पेटीतला दुसरा बोर्ड आणून त्याने मिक्सर आणि संगणक दोन्ही त्याच एका बोर्डावर घेतले. सभागृह शांत झाले.

कोणीतरी कौतुकाने म्हणाले, "वा! देसी जुगाड!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा पुन्हा पेटीवर जाऊन बसला.

वाचकहो, येथे काय घडले ते नीट पाहा. सकाळी ओल्या बोटांनी सर्किटला हात लावला, तो कलाप्रयोग होता. दुपारी त्या मुलाने पत्र्याला हात लावला. कृती तीच. त्यानेही आपले शरीर सर्किटमध्ये घातले आणि ऐकले. फरक एवढाच की सकाळचा स्पर्श नऊ व्होल्टवर होता आणि दुपारचा दोनशे तीस व्होल्टच्या शेजारी. भिंतीतल्या विजेवर चालणारी वस्तू उघडू नका, असे कॉलिन्स यांचे पुस्तक वाचकाला निक्षून सांगते, आणि ते शहाणपणाचेच आहे. पण त्या पुस्तकाची हद्द जेथे संपते तेथून मिस्त्रीचा दिवस सुरू होतो. आणि त्याने केले ते जुगाड तरी होते काय? जुगाड म्हणजे नियम चुकवून काम भागवणे. त्याने तर कारण शोधले, खात्री केली आणि नियमाप्रमाणे दोष काढला. दोन दिवसांत त्या सभागृहात झालेले सर्वांत शास्त्रीय काम ते होते. त्याला नाव मिळाले जुगाड. डब्यात स्पीकर कसाबसा चिकटवलेला, तारा लोंबणाऱ्या, त्या आमच्या कामाला मात्र प्रयोग म्हणायचे. शब्दांच्या या वाटपावर आपण साहित्यात किती झगडलो आहोत! आमची ती बोली आणि तुमची ती भाषा.

मला लाज वाटली ती याची की टाळी वाजवणाऱ्यांत मीही होतो. मी त्याचे नाव विचारले नाही. त्याला शेजारी बसायला बोलावले नाही. तो कोणत्या जातीचा होता मला ठाऊक नाही, आणि तो मुद्दाही नाही. दोन दिवस दारात बसलेला जाणता माणूस दिसू नये, ही सवय कोठून येते, हा मुद्दा आहे.

चित्रकलेच्या मुलांपैकी एकाने हलगी आणली होती. तिच्या कातड्यावर ती पितळी चकती चिकटवून त्याने नखाने ओरखडे काढले. आवाज खरोखर विलक्षण होता, नदीला पूर आल्यासारखा. पोत, खोली, अवकाश असे शब्द उच्चारले गेले. कातडे कोणी कमावले, कोणी ताणले, विस्तवावर धरून सुरात कोणी आणले, हे कोणाच्या मनात आले नाही. टी. एम. कृष्णा यांनी मृदंग बनवणाऱ्या कारागिरांवर २०२० साली एक पुस्तक लिहिले. त्यात हेच दाखवले आहे की मृदंग वाजवणारा प्रतिष्ठित मैफलीत बसतो, आणि जनावराच्या कातड्याला हात लावणारा, त्याच्या नादाची बारकाई जाणणारा कारागीर, जो बहुतेक वेळा दलित किंवा दलित ख्रिस्ती असतो, तो इतिहासाबाहेर राहतो. गाईच्या कातड्याचा उल्लेख त्यात आहे म्हणून चेन्नईच्या कलाक्षेत्राने प्रकाशन समारंभाला दिलेली परवानगी मागे घेतली. वाद्य पवित्र आणि त्याचे कातडे अमंगळ!

येथे आपले काही कार्यकर्ते मित्र मला अडवतील. म्हणतील, कातड्याच्या कौशल्याचे गोडवे गाऊ नका. त्यातून जातिधंद्याचेच उदात्तीकरण होते. त्यांचा आक्षेप रास्त आहे. आमच्या गावी १९५६ नंतर माझ्या आजोबांनी हलगी खुंटीवरून काढली ती कायमची. मेलेली ढोरे ओढणे सुटले तशी वेशीपुढे वाजवणेही सुटले. तो वाद्याचा द्वेष नव्हता, बलुत्याचा नकार होता. त्यांच्या हातात सूर होता असे म्हातारी माणसे सांगत. तो सूर त्यांनी स्वाभिमानापायी सोडला. हा त्याग लहान नाही आणि हलगीला 'पोत' म्हणणाऱ्यांना तो कधी कळायचा नाही.

पण याच इतिहासाचा पुढचा भाग आपण लिहीत नाही. हलगी ठेवली आणि वस्तीने कर्णा उचलला. चौदा एप्रिलला वर्गणी काढून तालुक्याहून मशीन आणि दोन भोंगे आणले जात. निंबाच्या झाडावर ते बांधले की वामनदादांचे शब्द गावाच्या पलीकडच्या आळीत, ज्या आळीतून आम्हाला चप्पल घालून जाता येत नव्हते, तेथे आपल्या पायांनी चालत जात. ते मशीन बिघडले की दुरुस्त करणारा, जळालेली कॉइल पुन्हा गुंडाळणारा, फाटलेला कोन चिकटवणारा पोरगा वस्तीतच तयार झाला. हे कौशल्य त्याला बापाकडून आले नव्हते, गावकीने नेमून दिले नव्हते. जन्माने लादलेल्या धंद्याच्या बरोबर उलट असे हे काम, निवडलेले आणि हट्टाने शिकलेले. म्हणून मिस्त्रीच्या हाताचा गौरव करणे हे जातिधंद्याचे उदात्तीकरण नव्हे. उलट बलुतेदारीला दिलेल्या नकारातून जी नवी विद्या आली तिची ती दखल आहे. भीमगीतांच्या कॅसेटवर कवीचे नाव असे, गायकाचे असे. माईक कोठे ठेवावा हे ज्याने ठरवले त्याचे नाव शोधून पाहा.

हे सारे अन्यत्र वेगळे घडले आहे, म्हणून जमैकाचे उदाहरण देतो. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्या बंडखोरांकडून घेतले, तेव्हा आपली नजर समुद्रापार गेलीच होती. ती त्या बेटापर्यंत गेली असती तर बरे झाले असते. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत लोक रस्त्यावर प्रचंड स्पीकर मांडून नाचत. ते अ‍ॅम्प्लिफायर बाजारात मिळत नसत, रेडिओ दुरुस्त करणारेच ते बनवीत. ऑस्बोर्न रुडॉक हा त्यांतलाच एक. १९४१ चा जन्म. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा, मशिने दुरुस्त करणारा मिस्त्री. त्याने जुने मिक्सर हाती घेतले, त्यात स्वतःचे फेरफार केले आणि तयार गाण्यातून गायकाचा आवाज काढून घेणे, मध्येच एक शब्द सोडणे, त्याचा प्रतिध्वनी लांबवत नेणे असे प्रयोग केले. त्यातून डब नावाचा संगीतप्रकार उभा राहिला आणि जग त्याला किंग टबी म्हणून ओळखू लागले. १९८९ मध्ये त्याचा खून झाला. तो दुरुस्तीही करीत राहिला आणि कलाही. त्याला कोणी विचारले नाही की हे कमाईसाठी की आनंदासाठी. त्याच्या वस्तीला ही दोन खाती ठाऊकच नव्हती.

आपल्या देशातही एक तुलना सांगण्यासारखी आहे. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने विजेच्या ध्वनीचा स्टुडिओ उभारला, मूग सिंथेसायझर आणून. हाच ट्यूडर कॉलिन्स यांच्या पिढीचा प्रेरणास्रोत. १९७२ मध्ये तो स्टुडिओ बंद पडला, आणि त्याच्या ध्वनिफिती कित्येक वर्षांनी, २०२३ साली, जगापुढे आल्या. त्यांचा गाजावाजा झाला, व्हावाही. पण त्याच काळात खेड्यापाड्यांत भोंगे बांधणाऱ्या हातांनी जे शोधले त्याची फीत कोणी सांभाळली नाही.

आणि हा दोष फक्त त्यांचाच नाही. १९७८ मध्ये 'बलुतं' आले, १९८० मध्ये 'उपरा' आले, आणि मराठी वाङ्मय हादरले. 'उपरा'त टोपल्या विणणारे हात आहेत. पण आपण समीक्षकांनी त्या पुस्तकातली भूक वाचली, भटकंती वाचली, विणीबद्दल किती लिहिले? बोरू घेतलेल्या हाताला आपण नायक केले, कारण शिक्षण हेच शस्त्र होते. पेचकस घेतलेला हात मात्र आपल्या कथेत नापास झालेल्या भावाचा असतो. आयटीआयला गेलेला, म्हणजे पुढे न गेलेला. कारागीर प्रशिक्षणाची ही योजना १९५० पासून चालू आहे, वस्त्यावस्त्यांतून पोरे त्यातून बाहेर पडली, आणि आपल्या साहित्यात ती पोरे प्रामुख्याने बेकार म्हणूनच येतात. ती बेकार होती हे खरे. पण त्यांना काय येत होते, हेही खरे होते. ते लिहायला लेखक त्या दुकानात जाऊन बसला पाहिजे, आणि चहा आणायला पाठवले तरी बसून राहिला पाहिजे.

त्या मुलीचे सांगायचे राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा डबा वाजेना. मी पाहिले, मला सापडेना. तिने स्वतःच उलटा करून पाहिला. आयसी उलटी बसली होती. सुटी करून बसवली आणि चकती दाताला लावून ती हळूच गुणगुणली. पत्र्याच्या डब्यातून तिचा आवाज खरखरत, पण मोठा होऊन बाहेर आला. ती दचकली आणि हसली. तो आनंद दुकानाच्या स्वप्नाहून वेगळा होता असे मला वाटले नाही. ते दोन्ही एकाच तारेवर होते.

मी संयोजकांना पत्र लिहिले. पुढच्या वेळी पहिला तास त्या साउंडवाल्या मुलाला द्या, मानधन द्या, आणि दुकान कसे टाकावे यावर अर्धा दिवस ठेवा, असे सुचवले. उत्तर सौजन्याचे आले. कल्पना उत्तम आहे, त्यांचा नंबर आपल्याकडे आहे का? माझ्याकडे नाव नव्हते, नंबर कोठला? म्हणून गेल्या महिन्यात ते भाड्याचे दुकान शोधत गेलो. गल्लीत पुरुषभर उंचीचे स्पीकर रचलेले, गल्ल्यावर मालक. त्या सभागृहात आलेला मुलगा पाहिजे, असे मी सांगितले.

"कशाला? काही बिघडलंय का?" त्याने विचारले.

नाही, शिकायचं आहे, असे मी म्हणालो. तो माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून हसला. पोरगा ऑर्डरवर बाहेर आहे, लग्नसराई संपली की या, असे त्याने सांगितले.